नाताळ ते संक्रांत: रोज एक जेवण न शिजवलेलं, आणि सोबत सरत्या वर्षाचा हिशेब

डिसेंबरचा शेवटचा आठवडा खाण्याच्या बाबतीत निव्वळ बेशिस्तीचा असतो. ऑफिसात केक, गोव्याकडच्या शेजाऱ्यांकडून आलेलं नेवऱ्या-दोदोलचं ताट, लग्नाच्या पंगती, मुलांना सुट्टी म्हणून घरी रोज काहीतरी तळण, आणि एकतीस तारखेला बाहेरचं जेवण. मग एक जानेवारीला तीच माणसं दुसऱ्या टोकाला जातात. ‘आजपासून फक्त कच्चं खाणार,’ असं जाहीर होतं, काकडी-टोमॅटोच्या चकत्यांवर दोन दिवस निघतात, आणि तिसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता डबे उघडून फरसाण शोधलं जातं.

मी सांगते ती पद्धत याहून बरीच सौम्य आहे. पंचवीस डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत दिवसातलं एक जेवण न शिजवलेलं घ्यायचं, बाकीच्या वेळी घरात जे असेल ते. आणि त्या एका जेवणानंतर वहीचं एक पान लिहायचं, सरत्या वर्षाबद्दल. या दोन गोष्टी एकत्र का, तर कच्ची मेथी, गाजर, हरभरा घाईने गिळता येत नाही. चावायला वेळ लागतो, गॅसपाशी उभं राहावं लागत नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटं माणूस एका जागी बसून राहतो. एरवी वर्षाचा विचार करायला आपण वेळ काढू काढू म्हणतो, तो वेळ इथे आपोआप मिळतो.

शक्यतो हे जेवण दुपारचं ठेवा. थंडीत रात्री गार कोशिंबिरी नको वाटतात, आणि पाहुणे, आमंत्रणं, पार्ट्या हे सगळं संध्याकाळचंच असतं.

सुरुवात करण्यापूर्वी: हे कुणी करू नये

हा भाग आधीच वाचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणातली भाकरी-भात एकदम काढू नका. औषध तेवढंच राहिलं आणि पिष्ट कमी झालं की साखर खाली येऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यांतलं ‘के’ जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना पोटॅशियम मोजून खावं लागतं, म्हणजे फळं आणि कच्च्या भाज्या आल्याच. या तिन्ही प्रकारच्या लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये. गरोदर बायका, लहान मुलं आणि घरातली थकलेली माणसं यांच्यासाठी कच्चे मोड नकोत, त्याचं कारण पुढे येईल. आणि ज्यांचं खाण्याशी नातं आधीच ताणलेलं आहे, जे प्रत्येक घासाचा हिशेब ठेवून स्वतःला शिक्षा करतात, त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. वजन कमी करणं हा या सगळ्याचा हेतू नाही.

कच्चं म्हणजे किती कच्चं?

कडक पंथाचे लोक अन्न साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापू देत नाहीत. त्यासाठी वाळवणयंत्रं वापरतात, लेबलं वाचतात. नवख्या माणसाने थर्मामीटरच्या नादी लागू नये. त्या कसोटीला आपलं स्वयंपाकघर लावलं तर बऱ्याच ‘कच्च्या’ गोष्टी बाद होतील. पोहे भात भिजवून, भाजून, मग कांडून झालेले असतात. गूळ काहिलीत उकळलेला. दही तापवलेल्या दुधाचं. बाजारात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा काजूसुद्धा कच्चा नसतो. त्याच्या टरफलातलं तेल कातडी भाजणारं असल्याने कोकणात आणि गोव्यात बी आधी भाजून किंवा वाफवून मगच फोडतात.

म्हणून माझा नियम ढोबळ आहे: ताटातला मोठा वाटा न शिजवलेला हवा. त्यावरची फोडणी, दाण्याचं कूट, दही, चिमूटभर गूळ हे चालेल. फोडणीशिवाय कोशिंबीर खाणं हा मला तरी तपश्चर्येचा अतिरेक वाटतो.

न शिजवलेलं खाण्याची कल्पना तशी नवी नाही. झुरिकमध्ये डॉ. मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांनी १९०४ मध्ये आपलं आरोग्यधाम काढलं. तिथल्या जेवणातला एक पदार्थ आज ‘म्यूसली’ नावाने खोक्यात मिळतो. मूळ पदार्थात ओट्स फक्त चमचाभर, रात्री भिजवलेले, आणि सालीसकट किसलेलं अख्खं सफरचंद, लिंबू, थोडे बदाम किंवा हेझलनट. म्हणजे तो फळाचा पदार्थ होता, धान्याचा नव्हे. आपल्याकडे गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, त्याबद्दल आपल्या साप्ताहिकात लिहिलं, आणि आव पडल्यावर तो थांबवला. त्यांचा निसर्गोपचारावरचा विश्वास मात्र टिकला. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळीकांचनला आश्रम सुरू झाला आणि पुढे मणिभाई देसाईंनी तो वाढवला. मला यातून घेण्याजोगं वाटतं ते हे, की गांधीजींसारख्या हट्टी माणसानेही पोट म्हणेल ते ऐकलं.

शिजवणं वाईट असतं अशीही समजूत करून घेऊ नका. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व कमी होतं हे खरं. पण टोमॅटोतलं लायकोपिन आणि गाजरातलं कॅरोटिन शिजवून, थोड्या तेलातुपाबरोबर खाल्लं तर अंगाला जास्त लागतं. रात्रीच्या जेवणात गाजराची भाजी आली तर अपराधी वाटायचं कारण नाही.

मंडईत काय घ्यायचं

इथे महाराष्ट्रात राहणाऱ्यांचं नशीब चांगलं आहे. वर्षातले कच्चं खाण्याचे सगळ्यात चांगले दिवस हेच.

पहिली जुडी घ्या हिरव्या हरभऱ्याची. कुठे डहाळा म्हणतात, कुठे घाटे, सोललेल्या दाण्यांना सोलाणे. घाटा दाबल्यावर आत दाणा भरलेला लागला पाहिजे, पण सोलल्यावर तो हिरवागार आणि नखाने चिरेल इतका कोवळा हवा. पिवळट पडलेला दाणा उसळीला ठेवा. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, त्यामुळे सोलताना बोटं आंबट होतात. अख्खी जुडी आधी पाण्यात हलवून धुवा आणि मगच सोलायला बसा. सोलायला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा. सोललेले दाणे पिशवीत मिळतात, पण ते कधी सोलले आणि कुठल्या पाण्यात ठेवले ते कळत नाही, म्हणून कच्चं खायला मी ते घेत नाही.

मग पालेभाज्या. कोवळी मेथी, कांद्याची पात, मुळा पानांसकट, आणि ज्वारी-करडईच्या भागात असाल तर करडईची अगदी कोवळी पानं. करडई जून झाली की काटे धरते, तेव्हा ती कच्ची खायच्या कामाची नाही. मुंबईकरांना रेतीत वाढलेल्या समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या मिळतात. कच्ची खायला तिच्याइतकी चांगली मेथी नाही, फक्त वाळू जाईपर्यंत ती धूत बसावं लागतं.

गाजर लाल घ्या, हिवाळी. केशरी गाजर बारा महिने मिळतं. आवळे, ओली हळद, आंबेहळद, आलं हे सगळं याच दिवसांत ताजं असतं. फळांत पेरू, बोरं, घोलवडचा चिकू, संत्री, महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, आणि जानेवारी लागला की नाशिककडची द्राक्षं. परदेशी किवी, ॲव्होकॅडो, ब्लूबेरी यांच्यावाचून काहीही अडत नाही. पेरूतच संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त ‘क’ जीवनसत्त्व असतं, आणि तो चावायलाही लावतो.

हुरड्याचं काय, असा प्रश्न हमखास येतो. हुरडा आगटीत भाजलेला असतो, म्हणजे कच्च्या आहारात बसत नाही. पण शेतावर बसून कुणी तळहातावर चोळलेला गरम हुरडा पुढे केला आणि तुम्ही नियम सांगत बसलात, तर चूक नियमाची आहे. खा. सोबतची बोरं, ऊस आणि मुळा कच्चेच असतात.

आता काय कच्चं खायचं नाही ते. राजमा कधीही नाही: त्यातल्या विषारी द्रव्याने मूठभर कच्च्या दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. वाल, पावटे, सोयाबीन शिजवूनच. अळू आणि सुरण घशाला खाजतात हे सांगायला नको. हिरवट पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा कच्चाच काय, शिजवूनही नको. कोबी-फ्लॉवर मला कच्चे आवडत नाहीत, आणि थायरॉइड कमी असणाऱ्यांनी ते रोज भरपूर कच्चे खाणं टाळावं.

धुणं

कच्च्या आहारात विस्तवाचं काम पाण्याला करावं लागतं, म्हणून इथे कंटाळा चालत नाही. पालेभाजी आधी निवडा, मुळं कापून टाका, मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हाताने हलवा. पाने वर उचलून घ्या, पाणी ओतून द्या. भाजी तशीच ठेवून पाणी ओतलं तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत हे करा, आणि शेवटचं पाणी पिण्याचं घ्या. मग सुती पंचावर पसरून कोरडी करा. ओली पाने चिरली की कोशिंबिरीला पाणी सुटतं आणि चव जाते.

न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पट्टकृमीची अंडी पोटात जाऊ शकतात, आणि त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसल्या तर फिट येतात. आपल्या देशात हा आजार दुर्मीळ नाही. चिरण्याची सुरी आणि फळी मांस-मासळीची वेगळी, भाजीची वेगळी. नाताळात घरात दोन्ही चालू असतं, म्हणून मुद्दाम सांगते.

मोड, आणि त्यातली जोखीम

मूग किंवा मटकी एक वाटी निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी पाणी काढून टाका, पुन्हा धुवा, स्वच्छ सुती फडक्यात बांधून झाकून ठेवा. उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, डिसेंबरात दीड दिवसही लागतो. उबेची जागा शोधा: फ्रिजच्या मागची बाजू, किंवा बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून. न्यू जर्सी किंवा लंडनच्या थंडीत राहणाऱ्यांना ओव्हनच्या दिव्याशिवाय गत्यंतर नाही. फडकं वाळलं तर पाण्याचा हबका मारा. मोड पाव इंच झाले की फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. चिकट झाले, आंबूस वास आला तर टाकून द्या.

आता जोखीम. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जिवाणूंनाही आवडते. ते बियांच्या भेगांत असतील तर वरून कितीही धुवा, जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या साथीत पन्नासहून जास्त माणसं दगावली. शोध घेतल्यावर माग लागला तो मोड आलेल्या मेथीचा. म्हणून माझा सल्ला: तुम्ही धडधाकट असाल आणि मोड घरी काढलेले असतील तर कच्चे खायचे की नाही ते तुम्ही ठरवा. बाजारातले तयार मोड मात्र कच्चे खाऊच नका. आणि घरातल्या सगळ्यांसाठी ताट लावत असाल तर मोड पाच-सात मिनिटं वाफवून घ्या. एक पदार्थ वाफवल्याने ताट बाटत नाही.

ताट कसं भरायचं

कच्चं खाऊन पोट भरत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा ताटातल्या चुकीमुळे असते. काकडीत जवळजवळ सगळं पाणीच. साधारण माप असं धरा: दोन वाट्या भाज्या, एक वाटी भिजवलेली डाळ किंवा हिरवा हरभरा, मूठभर भिजवलेले शेंगदाणे किंवा ओलं खोबरं, आणि एक फळ. खोबरं-दाणे वगळले तर चार वाजता बिस्किटांचा पुडा उघडला जाणार, हे ठरलेलं.

पहिले तीन दिवस यातलं अर्धंच घ्या, सोबत एक भाकरी किंवा पोळी ठेवा. चोथा अचानक वाढला की पोट फुगतं. त्यात बिघडल्यासारखं काही नाही, पण ऑफिसात बसून ते सोसणं सुखाचं नसतं. पाणी थोडं जास्त प्या.

पदार्थांसाठी नवी पुस्तकं लागत नाहीत. घोळाण्यापासून सुरुवात करा. मेथी किंवा कांद्याची पात बारीक चिरा, बारीक चिरलेला कांदा घाला, दाण्याचं कूट, लाल तिखट, मीठ, आणि वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल. घाण्याचं असेल तर उत्तम. खायला बसतानाच कालवा, आधी नको. भाकरीशी घोळाणा खाल्लेल्या माणसाला मेथी शिजवायचीच कशाला असा प्रश्न पडतो.

मुळ्याची पचडी: मूगडाळ दोन तास भिजवून निथळून घ्या. किसलेला मुळा, त्याचीच थोडी कोवळी पानं, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू, मीठ. वर हिंग-मोहरीची फोडणी. मुळ्याचं सुटलेलं पाणी पिळून टाकायचं नाही, त्यात डाळ मुरते.

चैत्रातली कैरीची डाळ आपण शिजवत नाही हे बरेच जण विसरतात. तीच डाळ हिवाळ्यात आवळ्याने करता येते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवा, जाडसर वाटा, कैरीच्या जागी किसलेला आवळा घाला. आवळा तुरट असतो म्हणून साखर किंचित जास्त. ज्यांना हरभरा डाळीचा वात होतो त्यांनी मूगडाळ वापरावी.

सोलाण्यांची भेळ मुलांना आवडते: हिरवा हरभरा, कांदा, कैरीऐवजी थोडी आंबट बोरं बिया काढून, कोथिंबीर, लिंबू, तिखट-मीठ. चुरमुरे घातलेत तर मी काही बोलणार नाही. दडपे पोहेही याच रांगेतले. पातळ पोह्यांवर ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ-साखर घालून नारळाचं पाणी शिंपडा, झाकण ठेवा, झाकणावर वजन ठेवा. वीस मिनिटांनी फोडणी.

ताटाच्या डाव्या बाजूला ओल्या हळदीचं लोणचं हवंच. हळद, आंबेहळद आणि आलं सोलून काड्या करा, मिरची, मीठ आणि बुडेल इतका लिंबाचा रस. दुसऱ्या दिवशी तयार, फ्रिजमध्ये ठेवा. हाताला तेल लावून चिरा, नाहीतर बोटं पिवळी घेऊन हिंडावं लागेल.

गोडासाठी बिया काढलेला खजूर, ओलं खोबरं, थोडे अक्रोड आणि वेलची एकत्र वाटून लाडू वळा. दोन दिवसांत संपवा, खोबरं विटतं. पिकलेल्या केळ्यांचं शिकरण नारळाच्या ताज्या दुधात करून पाहा. साखर लागत नाही. संक्रांतीचा तिळगूळ मात्र कच्च्या तिळाचा करण्याच्या भानगडीत पडू नका. न भाजलेल्या तिळाला वासच नसतो, आणि तिळगुळात वासच तर असतो.

पाहुणे, आग्रह आणि एकतीस तारीख

घरच्यांना काय सांगायचं, हा खरा अवघड भाग. ‘मी कच्चा आहार सुरू केलाय’ असं जाहीर केलं की सासूबाई विचारणार, ‘डॉक्टरांनी सांगितलंय का?’ आणि आई फोनवर म्हणणार, ‘तोंड उतरलंय तुझं,’ जरी तिला तोंड दिसत नसलं तरी. काहीच जाहीर करू नका. दुपारी ताटात कोशिंबिरी जास्त आणि भात कमी, एवढंच दिसेल. कोशिंबीर खाणाऱ्या माणसाला मराठी घरात कुणी अडवत नाही. घोळाणा सगळ्यांसाठीच करा. बहुतेक वेळा तो तुमच्यासाठी उरत नाही.

दुसऱ्याच्या घरी गेलात तर तिथे जे असेल ते खायचं. कुणी सकाळपासून खपून पुरणपोळ्या केल्या असतील, तर तिथे आपला आहार सांगणं अशिष्टपणाचं आहे. नेवऱ्यांचं ताट आलं तर नेवरी खायची, आणि ते ताट रिकामं परत पाठवायचं नाही. त्यात पेरू, बोरं किंवा खजुराचे लाडू घालून पाठवायचे.

एकतीस डिसेंबरला पार्टी तुमच्याकडे असेल तर चिप्सच्या जागी एक मोठं ताट मधोमध ठेवा: गाजर-मुळ्याच्या लांब फोडी बर्फाच्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या, पेरूच्या फोडी तिखट-मीठ लावून, द्राक्षं, बोरं, आणि न सोललेला हरभरा ढीगभर. लोक गप्पा मारताना सोलत बसतात, आणि सोलून खाल्ल्याने खाणंही आपोआप बेताचं होतं. पार्टी दुसरीकडे असेल तर दुपारचं आपलं जेवण नीट जेवून जा. उपाशीपोटी पार्टीला जाणं हा संयम नव्हे, तयारीचा अभाव आहे.

वहीचं पान

आता दुसरा अर्धा भाग. जेवण झालं, ताट उचललं, हात धुतले की लगेच वही. फोन दुसऱ्या खोलीत. एक पान, जास्त नाही. दहा मिनिटांत जेवढं होईल तेवढंच.

‘या वर्षाने मला काय शिकवलं?’ असले प्रश्न घेऊन बसू नका. त्यांना खोटी उत्तरं येतात, छान भाषेत. पुराव्यापासून सुरुवात करा. घराघरांत भिंतीवर एक उत्तम पुरावा टांगलेला असतो. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’च्या पानांवर आपण वर्षभर काहीबाही खरडत असतो. दूध नको, गॅस लावला, मावशींची सुट्टी, दाताचे डॉक्टर, कुणाचा तरी बारावा. नवीन कॅलेंडर लावताना जुनं रद्दीत जातं. यंदा ते टाकू नका. पहिले चार दिवस रोज तीन महिन्यांची पानं समोर ठेवा आणि त्या नोंदींबद्दल लिहा. ‘गॅस लावला’च्या दोन तारखांमध्ये किती दिवस गेले हे पाहिलं तरी कुठल्या महिन्यात घर भरलेलं होतं आणि कुठल्या महिन्यात बाहेरून मागवून दिवस काढले ते दिसतं.

पाचव्या दिवशी फोनवरून दिलेल्या पैशांची यादी उघडा, फक्त खाण्याची. रात्री दहानंतर काय मागवलं गेलं तेवढं बघा. बेरीज करायची तर करा, पण मला बेरजेपेक्षा वारांमध्ये रस आहे. ठरावीक वारीच बाहेरचं येत असेल तर त्या वारी घरात काय चाललेलं असतं, कोण उशिरा येतं, कोण दमलेलं असतं, हे लिहा.

सहाव्या दिवशी माणसं. या वर्षी कुणाच्या घरी जेवलो, कुणाला जेवायला बोलावलं, आणि कुणाला ‘एकदा या’ म्हणून बोलावलंच नाही. नावं लिहा. ही वही कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे अबोला धरलेल्या नावांसमोर कारणही लिहा. कारण लिहून झाल्यावर ते बऱ्याचदा फार छोटं दिसतं. मोठं दिसलं तर तेही कळलेलं बरं.

सातव्या दिवशी शरीर. झोप, गुडघे, पाळी, चष्म्याचा नंबर, जिना चढताना लागणारी धाप. औषधांची बिलं सापडली तर समोर ठेवा. डॉक्टरकडे जायचं टाळलेलं काय आहे, एवढं एक वाक्य तरी लिहाच.

आठवा दिवस एक जानेवारीचा. या दिवशी लोक संकल्प लिहितात. तुम्ही संकल्पाऐवजी सोय लिहा. ‘रोज कच्चं खाईन’ हा संकल्प झाला. ‘रविवारी रात्री भांडी घासून झाली की पितळी पातेल्यात एक वाटी मूग मी भिजत घालीन, सोमवारी सकाळी पाणी काढायचं काम ह्यांचं,’ ही सोय. तीत वार आहे, वेळ आहे, भांडं आहे आणि माणूस आहे. ताई-दादांशी बोलणं वाढवायचं असेल तर तेही असंच लिहा: कुठल्या वारी, कुठल्या कामाच्या आधी. एकच सोय लिहा. दोन लिहिल्या की दोन्ही सुटतात, असं मी आजूबाजूला पाहत आले आहे.

संक्रांतीपर्यंतच्या उरलेल्या दिवसांत पान कोरं राहिलं तरी हरकत नाही. जेवणाबद्दल एक ओळ लिहा: काय खाल्लं, भूक पुन्हा किती वाजता लागली, पोट कसं होतं. पंधरा दिवसांनी तुमच्या पोटाला मुळा चालतो की नाही, हे कुठल्याही तज्ज्ञापेक्षा ती वही चांगलं सांगेल. एखादा दिवस सुटला तर दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा कच्चं खाऊन भरपाई करायची नाही. सुटला तो सुटला.

संक्रांतीनंतर

भोगीच्या दिवशी हेच सगळं, हरभरा, गाजर, बोरं, मिसळणीच्या भाजीत शिजून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर येतं. तिथे हा क्रम थांबवायला हरकत नाही. ज्यांना चालू ठेवायचं आहे त्यांनी आठवड्यातून दोन-तीन दुपारी ठेवावं. महिनोन्‌महिने फक्त कच्चं आणि तेही दूधदुभत्याशिवाय खायचं ठरवलं, तर ‘बी-१२’ कुठून येणार याचा आधी बंदोबस्त करा, कारण ते भाजीपाल्यात मिळत नाही.

फेब्रुवारीत हरभरा वाळायला लागतो, मेथी जून होते, आणि मार्चमध्ये कैऱ्या येतात. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं, भिजवलेली हरभरा डाळ, ओवा, हिंग, गूळ, मीठ वाटून चटणी होते. त्या दिवशी वही काढा आणि एक जानेवारीची सोय वाचा. किती रविवारी मूग भिजले ते मोजा. निम्म्याहून कमी भरले तर वार बदलून पाहा, किंवा पाणी काढायचं काम दुसऱ्या कुणाला द्या.